तान्हा पोळा : दारावर येणारे नंदी कुठे गेले?

महालची लेक — २४ ऑगस्ट २०२५, सकाळी ९.१०

काल तान्हा पोळा झाला. आज सकाळी दिवाणखान्यातला स्टीलचा डबा उघडला तर दहा-दहाच्या कोऱ्या नोटा जवळपास तशाच. शुक्रवारी बँकेतून मुद्दाम पन्नास आणल्या होत्या. चार गेल्या, सेहेचाळीस उरल्या. त्या मोजल्या आणि राहवलं नाही म्हणून लिहायला बसले.

विदर्भाबाहेरच्यांसाठी आधी थोडं सांगते. श्रावण अमावास्येला मोठ्या बैलांचा पोळा, आणि दुसऱ्या दिवशी, म्हणजे भाद्रपद प्रतिपदेला, आमच्याकडे लहान मुलांचा तान्हा पोळा. चाकं लावलेला लाकडी बैल, त्याला आम्ही नंदीच म्हणतो, सजवायचा, मैदानात किंवा चौकात तोरणाखाली उभा करायचा, तोरण तुटलं की दोरीने ओढत घरोघरी न्यायचा. ज्या घरी जाल तिथे बैलाची पूजा होते आणि मुलाच्या हातावर काहीतरी पडतं. त्याला बोजारा म्हणतात. नागपुरात या दिवशी स्थानिक सुट्टी असते, इतका हा दिवस आमचा आहे.

माझं लहानपण नागपूरच्या महाल भागात गेलं, बडकस चौकातून आत. वाड्यात सात बिऱ्हाडं. माझा नंदी वीतभर उंच होता, नाव चांद्या, एक शिंग दोनदा मोडून दोनदा चिकटवलेलं. पोळ्याच्या दिवशी दुपारी बाबा त्याच्या चाकांच्या दांडीला खोबरेल तेल लावायचे. तरी तो वाजायचाच. पावसाने ओल्या झालेल्या फरशीवर तो आवाज वेगळा यायचा, मातीवर वेगळा. गल्लीत वीस-पंचवीस पोट्टे आणि वीस-पंचवीस बैल. घरात बसलेल्या माणसांना नुसत्या आवाजावरून कळायचं की आता आले.

कोपऱ्यावरच्या घरात एक आजी राहत. नववारीचा पदर खोचून दारातच पाट टाकून बसत. प्रत्येक बैलाच्या चाकांवर तांब्यातलं पाणी घालायच्या, कपाळाला कुंकू, पुढ्यात चिमूटभर ज्वारी. मग मुलाकडे बघून विचारायच्या, "बैलाचं नाव काय?" नाव सांगितल्याशिवाय बोजारा नाही. लाजणारं पोरगं असलं तरी थांबायच्या. मागची रांग खोळंबायची, पण त्यांना घाई नसे. चार आणे मिळायचे. मला आज त्या चार आण्यांचं काय घेतलं ते आठवत नाही, पण त्या घराच्या उंबऱ्यावर उभं राहून मी माझ्या बैलाचं नाव मोठ्याने सांगितलं होतं, ते आठवतं. आईबाबा सोबत नव्हते. परक्या माणसाच्या दारात एकटीने बोलायची ती माझी पहिली वेळ.

आता मी बेसा भागात राहते. मोठी फ्लॅट स्कीम आहे, चार इमारती. काल पाच वाजता खाली लॉनवर "तान्हा पोळा उत्सव" होता. मांडव, माईक, सूत्रसंचालन, सजावट स्पर्धा, वेशभूषा स्पर्धा, तीन-तीन बक्षिसं, प्रत्येक मुलाला खाऊचा डबा. कार्यक्रम खरंच छान झाला. ज्यांनी केला त्यांनी आठ दिवस राबून केला, त्यांना मी नावं ठेवणार नाही. पण सात वाजता माईक बंद झाला आणि बैल गाड्यांच्या डिक्कीत आणि लिफ्टमध्ये गेले. दारावर कोणी आलं नाही. माझ्याच मजल्यावरच्या दोन बहिणी आणि पलीकडच्या इमारतीतले दोघं भाऊ, एवढेच चार.

आणि एक गोष्ट सांगायची आहे, जी आज सकाळीच कळली. माझ्याकडे कामाला येणाऱ्या ताईंचा मुलगा, दुसरीत आहे, तो आपला बैल घेऊन आमच्या फाटकाशी आला होता. चौकीदाराने आत सोडलं नाही. "कार्यक्रम फक्त सदस्यांचा आहे" म्हणाला. पोरगा परत गेला. ताईंनी आज सकाळी भांडी घासता घासता सांगितलं, तेही मी विचारलं म्हणून. तक्रारीचा सूरही नव्हता. म्हणाल्या, "काही नाही बाई, पाऊसच येत होता."

तेव्हापासून मनात एकच आहे. ज्याच्यासाठी मी नोटा आणल्या होत्या तो माझ्या फाटकापर्यंत आला होता.

तुमच्याकडे काय परिस्थिती आहे? मुलं दारावर येतात का? येत नसतील तर कधीपासून बंद झालं?

---

पारडीवाला — २४ ऑगस्ट, सकाळी ९.४८

ताई, आमच्याकडे येऊन पाहा. काल चार वाजल्यापासून साडेआठपर्यंत पोट्टे येऊनच राहिले होते. माझ्या बायकोनं दोनशेची चिल्लर ठेवली होती, सहा वाजताच संपली. मग करंज्या दिल्या, मग पारलेचे पुडे आणले. पाऊस आला तर बैल शर्टाखाली घेऊन ओसरीत उभे राहिले आणि पाऊस थांबल्यावर पुढं गेले. काही पोरांजवळ बैल नव्हता तर मातीचाच घेऊन आले, पूजेतला.

त्यामुळं "तान्हा पोळा संपला" असं कोणी म्हणू नका. जिथं दार रस्त्यावर उघडते तिथं तो आहे.

---

दोन पोट्ट्यांची आई — २४ ऑगस्ट, सकाळी १०.३०

महालची लेक, तुमचं लिखाण वाचून गळा दाटला. पण मी दुसऱ्या बाजूची आहे, म्हणून लिहिते.

मी मनीषनगरला राहते. मुलगी सात वर्षांची, मुलगा चार. आमच्याकडेही खालीच कार्यक्रम होतो आणि तो मीच आणखी तिघींबरोबर करते. का करतो, ते सांगते. रस्त्यावर मुलांना बैल घेऊन सोडायची सोय राहिलेली नाही. आमच्या गल्लीत संध्याकाळी गाड्यांची रांग असते, फुटपाथवर दुकानांचं सामान, आणि मोकाट कुत्र्यांची टोळी. गेल्या वर्षी कुत्रं मागे लागून एक मुलगा पडला. त्यानंतर कोणती आई सोडेल?

आणि दारांचं म्हणाल तर मी प्रयत्न केला आहे. दोन वर्षांपूर्वी कार्यक्रम झाल्यावर दोघांना घेऊन आमच्याच इमारतीत फिरले. चोवीस दारं. सहा उघडली. त्यातल्या एका दारातून, साखळी न काढता, "काय पाहिजे?" असा प्रश्न आला. माझी मुलगी बैलाची दोरी सोडून माझ्या मागे गेली. तिला काय उत्तर देणार होती ती? त्या घरातले लोक वाईट नाहीत. ते दुसऱ्या राज्यातून नोकरीसाठी आलेत, त्यांना हा सण ठाऊकच नव्हता. पण त्या दिवसापासून मुलगी म्हणते, आपण खालीच जाऊ.

मुलं दारावर यायची बंद झाली असं आपण म्हणतो. आधी दारं बंद झाली.

---

उमरेड रोड — २४ ऑगस्ट, दुपारी १२.१५

गावची गोष्ट सांगतो. आमच्या घरी वडिलांच्या काळात चार जोड्या होत्या. आता एक आहे, तीही वडिलांच्या हट्टापायी. नांगरणी, वखरणी, सगळं ट्रॅक्टरवर. पोळ्याच्या आदल्या दिवशी बैलांच्या खांद्याला हळद-तूप लावून "आज आवतन घ्या, उद्या जेवायला या" म्हणतात, ते म्हणायला आमच्या वाड्यात आता दोनच खांदे आहेत... म्हणजे दोनच बैल. परवाच्या पोळ्यात तोरणाखाली जेवढ्या जोड्या उभ्या होत्या, त्याच्या कितीतरी पट लाकडी बैल दुसऱ्या दिवशी मारुतीच्या पाराशी उभे होते.

म्हणजे बघा, खरे बैल कमी झाले आणि लाकडी वाढले. आधी तान्हा पोळा मोठ्या पोळ्याची नक्कल होता, पोरं बापाचं बघून करत. आता आमच्या गावातल्या निम्म्या पोरांनी औताला जुंपलेला बैल जवळून पाहिलेला नाही. मी काल एकाला विचारलं, वशिंड कुठं असतं दाखव. त्यानं शेपटीकडं बोट दाखवलं. मी त्याला घरी नेलं आणि आमच्या पवन्याच्या वशिंडावर त्याचा हात ठेवला. पवन्यानं कातडी थरथरवली तसा तो मागं सरकला, आणि मग स्वतःहून पुन्हा हात लावला.

झडत्या, म्हणजे पोळ्यात तोरणाखाली म्हणायची यमकाची गाणी, मात्र अजून जोरात होतात. "एक नमन गौरा पार्वती, हर बोला हर हर महादेव" म्हटलं की पोरंच काय, म्हातारेही ओरडतात. यंदा एका पोरीनं स्वतः रचून म्हटली:

"चाकाचा बैल माझा, गवत काही खात नाही,
बाबाच्या वावरात याला, कोणी काही देत नाही,
कापूस भिजला, भाव पडला, बाबा काही बोलत नाही,
एक नमन गौरा पार्वती, हर बोला हर हर महादेव!"

चौथीतली पोरगी आहे. पारावर एकदम शांतता झाली होती.

---

जुनी शुक्रवारी — २४ ऑगस्ट, दुपारी १.०५

इतिहासाचं थोडं. तान्हा पोळ्याची सुरुवात नागपूरकर भोसल्यांच्या घरातून झाली असं मानतात. दुसरे रघुजी राजे यांनी १८०६ मध्ये मुलांसाठी लाकडी बैलाचा पोळा भरवला, असं सांगितलं जातं. मोठ्यांच्या पोळ्यात लहान मुलांना गर्दीत आणि बैलांच्या शिंगांजवळ सोडता येत नाही, आणि बैलाचं मोल तर त्यांना कळायला हवं, यासाठी. म्हणजे "मुलांना सुरक्षित ठेवून सण द्यायचा" हा विचार मुळातच या सणात आहे. दोन पोट्ट्यांच्या आईंनी मनाला लावून घेऊ नये, त्या काही वावगं करत नाहीत.

त्याच दिवशी मारबत, म्हणजे वाईटाचा मोठा पुतळा, मिरवणुकीने निघते हेही आठवा. काळी मारबत १८८१ पासून आणि पिवळी १८८५ पासून. नेहरू पुतळ्याजवळ दोघींची भेट होते तेव्हा पाय ठेवायला जागा नसते. "ईडा पीडा घेऊन जा गे मारबत!" सकाळी रोगराई आणि वाईट सगळं गावाबाहेर घालवायचं आणि संध्याकाळी मुलांनी स्वच्छ झालेल्या गल्लीत बैल घेऊन फिरायचं, असा त्या दिवसाचा क्रम आहे. मला तो फार सुंदर वाटतो.

आमच्या लहानपणी गल्लीतली पोरंही छोटा बडग्या, म्हणजे मारबतीसोबत निघणारा पुरुषाचा पुतळा, करायची. जुना पायजमा, त्यात तणस भरायची, मडक्याचं तोंड. आईच्या जुन्या साडीच्या दोरीने ओढत नेऊन जाळायचा. ज्या वर्षी गल्लीत मलेरियाचे पेशंट जास्त होते त्या वर्षी आम्ही त्याच्या गळ्यात "डास" अशी पाटी अडकवली होती. आता मोठे बडगे मंडळांचे असतात, पोरं बघायला जातात. करत नाहीत.

---

चितारओळीजवळ — २४ ऑगस्ट, रात्री ९.२०

आमच्या घरी तीन पिढ्या नंदी बनतात. मी शिकून नोकरीला लागलो, पण जुलैपासून पोळ्यापर्यंत संध्याकाळी हातात पटाशी असतेच. थोडं आमच्या बाजूचं सांगतो.

लहान बैलाला शिवणीचं लाकूड चांगलं. हलकं असते, चिरत नाही, पटाशी सरळ चालते. सागाचा बैल पिढ्यान् पिढ्या टिकते पण जड होते आणि आता परवडत नाही. आधी वाकसाने ओबडधोबड आकार काढायचा, मग मान आणि वशिंड, मग पाय. शिंगं वेगळी करून बसवायची, कारण पहिल्यांदा तीच मोडतात. डोळा सगळ्यात शेवटी. माझे आजोबा डोळा काढताना कोणाशी बोलत नसत.

वीस-पंचवीस वर्षांपूर्वी गिऱ्हाईक पोराला घेऊन यायचं. पोरगं बैल खाली ठेवून दुकानासमोर ओढून बघायचं. डावीकडे जाते का, अडकते का. आवडला नाही तर दुसरा. आजोबा बघत राहायचे आणि पोराच्या चेहऱ्यावरून समजायचे कोणता जाणार. आता बाप एकटा येतो, फोटो काढतो, घरी पाठवतो आणि विचारतो, "स्टेजवर उठून दिसेल ना?" चाक फिरवून बघणारा गिऱ्हाईक या वर्षी मला मोजकाच भेटला. दोन-अडीच फुटी बैलांना मागणी आहे. चार वर्षांच्या लेकराला तो ओढवत नाही. एक-दोघांनी तर विचारलं, चाकं नसली तर स्वस्त पडेल का?

मी नाही म्हटलं. पैसे कमी घेतले पण चाकं लावून दिली.

---

दोन पोट्ट्यांची आई — २४ ऑगस्ट, रात्री ९.५५

चितारओळीजवळ, तुमचं वाचून आत्ता उठून बघितलं. आमच्या बैलाचं मागचं उजवं चाक फिरतच नाही. रंगात चिकटलं आहे. तीन वर्षं झाली घेऊन. आम्हाला कळलंच नाही, कारण आम्ही तो उचलूनच नेतो.

---

एडिसनहून — २५ ऑगस्ट, पहाटे ५.४०

मी मूळचा इतवारीचा, बरीच वर्षं झाली न्यू जर्सीत आहे. हा धागा वाचताना सारखं वाटत होतं की हे मी इकडेही बघतोय.

इकडे ३१ ऑक्टोबरला हॅलोविन असतो. मुलं वेगवेगळी सोंगं घेऊन संध्याकाळी घरोघरी फिरतात, दार वाजवतात, लोक त्यांच्या पिशवीत गोळ्या-चॉकलेट टाकतात. मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा बायकोला म्हणालो, अगं हा तर बोजारा! सणाचा अर्थ वेगळा, पण उंबऱ्यावर उभं असलेलं लेकरू आणि आतून हसत आलेलं म्हातारं माणूस, ते अगदी आपलंच.

इकडेही गेल्या काही वर्षांत बरंच काही लॉनवर गेलंय, म्हणजे गाडीतळावर. शाळेच्या किंवा चर्चच्या आवारात पालक गाड्या रांगेने लावतात, डिक्की उघडून सजवतात आणि मुलं घरांऐवजी डिक्कीपाशी जाऊन खाऊ घेतात. त्याला 'ट्रंक ऑर ट्रीट' म्हणतात. कारणं तीच: रहदारी, अंधार, ओळख नसलेले शेजारी. जिथे घरं लांब लांब आहेत तिथे त्याचा उपयोगही होतो. पण आमच्या गल्लीतल्या एकट्या राहणाऱ्या एक बाई मोठा वाडगा भरून बसतात आणि मुलं कमी येतात तेव्हा त्यांचा चेहरा मला महालच्या लेकीच्या डब्यासारखा वाटतो.

एक गोष्ट मात्र इकडची घेण्यासारखी आहे. ज्या घराला मुलं आलेली चालतात ते घर पुढच्या दारावरचा दिवा लावून ठेवतं. दिवा बंद असेल तर तिथे जायचं नाही, हा सगळ्यांना ठाऊक असलेला शिरस्ता. कोणी अपमानित होत नाही, कोणाच्या दारात मूल ताटकळत नाही. काही जण तर दाराशी निळसर-हिरवा भोपळा ठेवतात, म्हणजे ज्या मुलांना शेंगदाणे वगैरे चालत नाहीत त्यांच्यासाठी इथे खाऊऐवजी छोटी खेळणी आहेत.

आपल्याकडे दिव्याची गरजच नाही. तोरण आहे. ज्या घराला मुलं हवीत त्यांनी दाराला आंब्याच्या पानांचं तोरण बांधावं, आणि मुलांना सांगावं की तोरण दिसेल तिथेच बैल न्या. चोवीसांपैकी सहाच दारं असतील तर सहाच. पण त्या सहांवर साखळी नसेल.

---

सक्करदरा — २५ ऑगस्ट, सकाळी ८.१५

मला एक कडू गोष्ट सांगावीशी वाटते. आमच्याकडे मुलं येतात, पण गेली काही वर्षं मोठी पोरंही येतात. एक बैल, पाच-सहा जण, मिसरूड फुटलेले. दहा रुपये दिले तर म्हणतात, "काकू, पन्नास तरी द्या." शेजारच्या आजींशी तर उर्मट बोलले. त्या यंदा चार वाजल्यापासून दिवा मालवून आत बसल्या होत्या. लहान मुलं येऊन परत गेली. ही दारं अशीही बंद होतात.

तोरणाची कल्पना चांगली आहे, पण बोजारा रोख नकोच असं माझं मत आहे. करंजी द्या, पेन्सिल द्या, फुटाणे द्या.

---

पारडीवाला — २५ ऑगस्ट, सकाळी ८.४०

सक्करदराताई, ते पोट्टे आमच्याकडं पण येतात. मी त्यांना घरात बोलावतो आणि म्हणतो, झडती म्हणा. येत असली तर बोजारा. दोघांना येते, बाकीचे खाली पाहतात. पण पुढच्या वर्षी तिघांना येत होती. हाकलून देऊ नका त्यांना. काल-परवापर्यंत तेही लहानच होते.

रोख पैशांबद्दल मात्र माझं मत वेगळं आहे. आमच्या वस्तीत त्या पाच-दहा रुपयांचा पोराला मोठा आनंद असतो. वर्षातून एकदा त्याच्या खिशात त्याचे स्वतःचे पैसे असतात.

---

गोकुळपेठेतली — २५ ऑगस्ट, सकाळी ११.००

थोडं विषयांतर होईल, पण जोडलेलंच आहे. आमच्या घरी पोळा भावाचा होता. बैल त्याचा, बोजारा त्याचा. मी मागे मागे चालायचे. महालची लेक स्वतःचा बैल घेऊन फिरली हे वाचून तिच्या बाबांबद्दल फार आदर वाटला.

माझी होती ती भुलाबाई. भाद्रपदातल्या पौर्णिमेपासून कोजागिरीपर्यंत महिनाभर. रोज संध्याकाळी एकेकीच्या घरी, मातीचे भुलोबा-भुलाबाई मांडलेले, गाणी, टिपऱ्या, आणि शेवटी खिरापत ओळखायची. डबा कानाशी धरून हलवायचा. "ओली की कोरडी? गोड की तिखट?" एकदा माझ्या आईने डब्यात नुसता गूळ-खोबऱ्याचा एकच मोठा लाडू ठेवला होता, तो ठक्क वाजायचा आणि कोणालाच ओळखता येईना. पोरी अर्धा तास हटल्या नाहीत.

ते महिनाभराचं आता एका संध्याकाळवर आलंय, सभागृहात, आणि गाणी बहुतेक मोठ्या बायकाच म्हणतात. मुलींना पाठच नाहीत. पण हेही सांगते: परवा आमच्याकडच्या लॉनवरच्या तान्ह्या पोळ्यात निम्म्या मुली होत्या, प्रत्येकीचा आपापला बैल, आणि झडतीचं पहिलं बक्षीस मुलीला. माझ्या लहानपणी हे झालं नसतं. मला ती स्पर्धा बंद नको आहे.

---

महालची लेक — २५ ऑगस्ट, दुपारी ३.३०

सगळ्यांचे प्रतिसाद दोनदा वाचले.

दोन पोट्ट्यांची आई, तुमची मुलगी तुमच्या मागे लपली ते वाक्य माझ्या डोक्यातून जात नाही. मी सगळा विचार माझ्या डब्याच्या बाजूने केला होता. दार वाजवणाऱ्या लेकराला आत कोण आहे हे माहीत नसतं, आणि आमच्या वेळी ते माहीत असायचं. त्या आजींच्या दारासमोरून मी वर्षभर शाळेत जायचे. तान्ह्या पोळ्याला त्या अनोळखी उरल्याच नव्हत्या. एका दिवसासाठी दार उघडं ठेवून भागत नाही, हे मला कळतंय.

गोकुळपेठेतली, स्पर्धा बंद करा असं मी म्हणणार नाही. लॉनवर जमायलाही हवं, तोरण तिथेच तुटायला हवं. आमच्या लहानपणीही आधी चौकात जमणं होतंच. फक्त पुढचं पाऊल गळालंय. तोरण तुटल्यावर बैल कुठेतरी जायचा असतो.

आज सकाळी आमच्या कमिटीच्या दोघींशी बोलले. तोरणाची कल्पना त्यांना लगेच पटली. एकीने वहीत नावं लिहायलाच सुरुवात केली, दुपारपर्यंत चौदा घरं झाली. फाटकाबद्दल मात्र वेळ लागला. "बाहेरची मुलं किती येतील, कोण येतील, जबाबदारी कोणाची?" प्रश्न खोटे नाहीत. मी एवढंच म्हटलं की ज्यांच्या आया रोज सकाळी आपल्या घरात येतात, आपल्या किल्ल्या ज्यांच्याकडे असतात, त्यांची मुलं बाहेरची कशी? त्यावर बराच वेळ कोणी बोललं नाही. मग ठरलं की इथे कामाला येणाऱ्या प्रत्येकाच्या मुलांना, चौकीदारांच्या आणि माळीकाकांच्याही, लॉनवर आणि दारांवर दोन्हीकडे बोलवायचं. लेखी घेतलंय.

चौकीदाराशीही बोलले. तो भंडाऱ्याकडचा आहे. म्हणाला, "मॅडम, मला वाईट वाटलं, पण वरून सांगितलं होतं." त्याचा स्वतःचा मुलगा गावी बैल घेऊन फिरत होता, त्याचा फोटो दाखवला.

---

उमरेड रोड — २५ ऑगस्ट, संध्याकाळी ६.१०

फार चांगलं केलंत. आमच्याकडचं सिंदी रेल्वे हे गाव ठाऊक असेल, वर्धा जिल्ह्यातलं. तिथला तान्हा पोळा बघायला लोक लांबून येतात, माणसापेक्षा उंच नंदी असतात. मी दोनदा गेलोय, डोळ्यांचं पारणं फिटतं. पण तिथेही मला आवडलं ते त्या प्रचंड नंदींच्या पायाशी आपापले वीतभर बैल घेऊन उभी असलेली पोरं. दोन्ही राहिलं पाहिजे.

---

चितारओळीजवळ — २५ ऑगस्ट, रात्री १०.०५

दोन पोट्ट्यांची आई, चाक घेऊन या. रंग खरवडून दांडीला मेण लावून देतो, पाच मिनिटांचं काम आहे. पैसे नको. मुलीला सोबत आणा, तिला दुकानासमोर ओढून बघू द्या.

---

महालची लेक — २६ ऑगस्ट, रात्री ९.३०

उद्या गणपती, घरात गडबड आहे, तरी हे लिहूनच झोपते.

आज दुपारी ताईंना म्हटलं, मुलाला बैल घेऊन पाठवा. त्या म्हणाल्या, "आता? पोळा तर झाला." म्हटलं, माझ्याकडचा राहिलाय. संध्याकाळी तो आला. चौकीदाराने फाटक स्वतः उघडलं.

बैल त्याने आणि त्याच्या मोठ्या भावाने मिळून केलेला. प्लायवूडचे दोन तुकडे एकमेकांना ठोकलेले, शिंगं आइस्क्रीमच्या काड्यांची, चाकं पाण्याच्या बाटलीची झाकणं. मानेत ताईंच्या जुन्या बांगड्यांची माळ. मी दारात पाट टाकून बसले. चाकांवर पाणी घातलं, कुंकू लावलं, ज्वारी नव्हती म्हणून तांदूळ ठेवले. मग विचारलं, "बैलाचं नाव काय?"

तो गप्प. ताई मागून म्हणाल्या, "सांग ना रे." मी म्हटलं, त्याला वेळ घेऊ द्या. तो खाली बघत राहिला. बैलाची एक बाजू पांढरी होती आणि दुसरी निम्मी तशीच, लाकडाच्या रंगाची. तिथे रंग संपला असावा.

"बांड्या," तो म्हणाला.

त्याला दहाच्या पाच नोटा देणार होते, पण एकच दिली. बोजारा म्हणून जेवढी सगळ्यांना, तेवढीच. ती त्याने चड्डीच्या खिशात ठेवली, वरून हात दाबून बघितला आणि जिन्याकडे बघत विचारलं, "काकू, वरपण जाऊ का?"

त्या वहीतल्या चौदापैकी तीन घरं आमच्याच इमारतीत आहेत. मी आकडे सांगितले. ताई निघाल्या त्याच्यासोबत, तर तो म्हणाला, "तू खाली थांब." बैल छातीशी धरून एकेक पायरी चढला. वरच्या मजल्यावर पोचल्यावर खाली ठेवला असणार, कारण मग झाकणांचा आवाज फरशीवरून ऐकू आला, खडखड खडखड, आणि थोड्या वेळाने बेल वाजली.